रौप्यमहोत्सवी तबकडी

आमच्या लेखांचा एक निवडक संग्रह काढावा, अशी इच्छा आमच्या एका प्रकाशक स्नेह्यांस मध्यंतरीं झाली. मासिकांतून दरमहा लिहावयास आम्हीं १९९९ सालीं प्रारंभ केला, त्यास २०२४ सालीं पंचवीस वर्षें पुरीं झालीं, एवढेंच काय तें निमित्त. अडीचशेंहून अधिक लेखांतून वीस लेख निवडून द्यावयाचे होते. काम ऐकावयास सोपें वाटलें. परंतु जुने अंक काढून बसलों मात्र, आणि आपल्याच मुलाची उत्तरपत्रिका तपासावयास आलेल्या शिक्षकासारखी आमची स्थिति झाली. एखादा लेख उचलावा तर पक्षपाताचा संशय यावा, टाकावा तर निष्ठुरपणाचा. पंधरा दिवसांत आमच्या यादींत तीन नांवें चढलीं, व त्यांपैकीं दोन दुसऱ्याच दिवशीं खोडलीं गेलीं.

अशा अडचणींत आमच्यासारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकानें पाल्ग्रेव्हला शरण जावें, हें उचित. त्याची ‘गोल्डन ट्रेझरी’ १८६१ सालीं निघाली; निवडीच्या कामीं त्यानें टेनिसनसारख्या कवीचा सल्ला घेतला होता; आणि तरीहि त्या पहिल्या आवृत्तींत डन् नाहीं व ब्लेकहि नाहीं. आमच्याकडे त्याच्याहि आधीं, १८५४ सालीं, परशुरामपंत गोडबोले यांनीं ‘नवनीत’ सिद्ध केलें. नांव मोठें समर्पक. घुसळलें म्हणजे लोणी आपोआप वर येतें, अशी श्रद्धा त्यांत आहे. ताकाबरोबर कधीं कधीं लोणीहि वाहून जातें, ही गोष्ट मात्र त्या नांवांत नाहीं.

परंतु खरें सांगावयाचें तर आम्हीं या दोहोंपैकीं एकहि पुस्तक उघडलें नाहीं. कपाटाच्या खालच्या कप्प्यांत एक सीडी चौदा वर्षें पडली होती, ती काढली. आमच्या भाच्यानें २०१० च्या अखेरीस लंडनहून येतांना ती आणली होती, व तिच्यावरचा पारदर्शक कागददेखील आम्हीं फाडला नव्हता. कां फाडला नव्हता, तें पुढें येईलच. ‘पेट शॉप बॉइज’ या नांवानें गाणाऱ्या एका इंग्रज जोडीचा हा संग्रह. त्याचें नांव ‘अल्टिमेट’. त्यांच्या यशास पंचवीस वर्षें झालीं म्हणून १ नोव्हेंबर २०१० रोजीं तो प्रसिद्ध झाला. पाल्ग्रेव्हवरून एकदम या तबकडीवर उडी मारल्याबद्दल कोणी वाचक भिंवई उंचावील, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यानें थोडा धीर धरावा.

या जोडीपैकीं गाणारा तो नील टेनंट, व वाद्यामागें टोपी आणि काळा चष्मा घालून पुतळ्यासारखा उभा राहणारा तो ख्रिस लो. पहिला इतिहास शिकलेला, दुसरा लिव्हरपूल विद्यापीठांत वास्तुशिल्प शिकत होता. १९८१ च्या ऑगस्टमध्यें लंडनच्या किंग्ज रोडवरील एका विजेच्या उपकरणांच्या दुकानांत दोघांची गांठ पडली. ईलिंग भागांतल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानांत त्यांचे मित्र कामास होते, त्यावरून हें चमत्कारिक नांव. आमच्या दृष्टीनें विशेष म्हणजे टेनंट हा मूळचा आमच्याच जातीचा, म्हणजे मासिकांत लिहिणारा. ‘स्मॅश हिट्स’ नांवाच्या पत्राचा तो सहसंपादक होता व दुसऱ्यांच्या गाण्यांस बरें-वाईट म्हणणें हा त्याचा पोटाचा धंदा होता. समीक्षक स्वतः लिहूं लागला म्हणजे काय होतें, याचे आमच्याकडचे दाखले फारसे उत्साहवर्धक नाहींत. हा मनुष्य मात्र तरला. तोहि पहिल्या उडींत नव्हे. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ हें गाणें १९८४ सालीं बॉबी ऑर्लंडो या न्यूयॉर्कच्या निर्मात्याबरोबर एकदां निघालें, आणि इंग्लंडांत त्याकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं. मग स्टीफन हेग यानें तेंच गाणें गति कमी करून, रस्त्यावरच्या पावलांच्या आवाजानें सुरू होणारें असें पुन्हां बांधलें. तें १९८५ च्या ऑक्टोबरांत आलें, आणि १९८६ च्या जानेवारींत खपाच्या यादींत पहिलें ठरलें. त्या वेळीं टेनंटला बत्तिसावें वर्ष चालू होतें व त्यानें नोकरी सोडली होती. त्या गाण्यांतील निरनिराळे आवाज एलियटच्या ‘वेस्ट लँड’वरून सुचले, असें त्यानेंच सांगितलें आहे; लेनिनच्या आगगाडीचाहि त्यांत ओझरता उल्लेख आहे. एलियट शिकवितांना आम्हीं ही गोष्ट वर्गांत सांगतों, तेव्हां मागच्या बांकावरचीं मुलें वर्षांतून प्रथमच आमच्याकडे पाहतात.

त्यांच्या संगीतास ‘सिंथपॉप’ म्हणतात. सिंथेसायझर हें यंत्र बाहेरून पेटीसारखें दिसतें. पण आंत भाता नाहीं कीं पितळी जिभा नाहींत. पट्टी दाबतांच विजेचें आंदोलन सुरू होतें. जुन्या धर्तीच्या यंत्रांत तें प्रारंभीं फार भरलेलें, करकरीत असतें. मग त्यांतले नको ते अंश चाळणींतून गाळीत गाळीत हवा तो स्वर शिल्लक ठेवावयाचा. मूर्तिकार दगडांतून मूर्ति काढतो, तसा हा स्वर काढून टाकण्यानें घडतो. लेख निवडतांना ही कृति आमच्या मनांत वारंवार येई. अर्थात् यंत्राला गाळलेल्या स्वरांचें दुःख नसतें.

आतां प्रत्यक्ष तबकडीविषयीं. ‘अल्टिमेट’ म्हणजे अखेरचें, हा अर्थ लॅटिनपासून चालत आलेला आहे. परंतु व्यापाऱ्यांनीं त्या शब्दाची किंमत केव्हांच उतरविली. या जोडीनें १९९१ सालीं असाच एक संग्रह काढला होता. २००३ सालीं ‘पॉपआर्ट’ नांवाचा काढला, त्यांत तर गाण्यांचे ‘पॉप’ व ‘आर्ट’ असे दोन भाग पाडले. आणि या ‘अखेरच्या’नंतरहि तेरा वर्षांनीं, २०२३ सालीं, ‘स्मॅश’ नांवाचा पंचावन गाण्यांचा आणखी एक निघालाच. ‘अल्टिमेट’मध्यें गाणीं १९, त्यांतलीं १८ जुनीं आणि ‘टुगेदर’ हें एक नवें. हें नवें गाणें कां घालतात, हें प्रकाशकांशीं संबंध आलेल्यांस सांगावयास नको. ज्यांच्या घरीं पूर्वीचीं सर्व गाणीं आहेत त्यांनाहि ही तबकडी विकत घेणें भाग पडावें, म्हणून ही युक्ति. ‘सुधारून वाढविलेली आवृत्ति’ हें आमच्याकडचें तिचें नांव. आमच्या स्नेह्यांनींहि ‘एक ताजा लेख असूं द्या’ असें सुचविलेंच होतें.

गाणीं कालक्रमानें लावलीं आहेत, आणि ही मांडणी मोठी निर्दय आहे. ऐकतां ऐकतां असें लक्षांत येतें कीं, जवळजवळ निम्मी तबकडी पहिल्या तीनच वर्षांत संपते. उरलेल्या निम्मींत बावीस वर्षें बसविलीं आहेत. पहिल्या क्रमांकाचीं त्यांचीं चार गाणीं, ‘वेस्ट एंड गर्ल्स’, ‘इट्स अ सिन’, ‘ऑल्वेज ऑन माय माइंड’ आणि ‘हार्ट’, हीं सारीं १९८६ ते १९८८ मधलीं. पुढें तो मान पुन्हां मिळाला नाहीं. या भरतीच्या काळास टेनंटनें ‘साम्राज्यकाल’ असें नांव दिलें, आणि १९८८ सालीं ‘डॉमिनो डान्सिंग’ सातव्या क्रमांकावर अडलें तेव्हां साम्राज्य संपल्याचें आपण ओळखलें, असेंहि तोच म्हणतो. स्वतःविषयीं इतकें रोखठोक बोलणारा गायक आम्हांस दुसरा माहीत नाहीं. आमच्या लेखांचीं तारीखवार नांवें लिहून पाहिलीं, तेव्हां आमचाहि हिशेब फारसा निराळा निघाला नाहीं. फरक एवढाच कीं, आमचें साम्राज्य कोणाच्या नजरेस आलें नव्हतें.

कांहीं गाणीं यांतून अजीबात गाळलीं आहेत. ‘ऑपॉर्च्युनिटीज’ नाहीं, ‘रेंट’ नाहीं. पैशाच्या मोहाविषयींचीं तीं दोन गाणीं, आणि आमच्या मतें त्या जोडीचा उपरोध त्यांत जितका तीक्ष्ण आहे तितका नंतर क्वचितच झाला. तीं नाहींत हें पाहून आम्हांस राग आला, व लगेच असें ध्यानांत आलें कीं, आम्ही या तबकडीची तुलना दुसऱ्याच एका संग्रहाशीं करीत आहों.

तो संग्रह म्हणजे साठ मिनिटांची एक कॅसेट. १९९१ सालीं पुण्याच्या वसतिगृहांत आमच्या खोलींत राहणाऱ्या मित्रानें ती भरली होती. त्याचे काका मस्कतला नोकरीस होते. ते सुटीवर येतांना मूळ कॅसेटी आणीत, आणि दोन कॅसेटी एका वेळीं लागणारा टेपरेकॉर्डरहि त्यांनींच आणून दिला होता. त्या वेळीं आमच्यासारख्यांना मूळ कॅसेट परवडत नसे. गांवांतल्या दुकानांत यादी देऊन गाणीं भरून घ्यावयाचीं, ही रीत. मित्राला ही रीत पसंत नव्हती. ‘यादी आपली, हात दुसऱ्याचा, हें काय?’ असें तो म्हणे. त्यानें या जोडीचीं बारा गाणीं निवडलीं, दोन्ही बाजूंना सहा सहा बसविलीं, आणि खोक्याच्या आंतल्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनें प्रत्येकाचीं मिनिटें मांडून बेरीज केली. तो गणिताचा विद्यार्थी. विद्यापीठांत पुढें वरच्या श्रेणींत आला. परंतु ती बेरीज चुकली. पहिल्या बाजूचें शेवटचें गाणें ‘बीइंग बोअरिंग’. तें त्याच्या मूळ कॅसेटवर जवळजवळ सात मिनिटांचें होतें आणि त्यानें चार मिनिटांचें धरलें. तिसरें कडवें यावयाच्या सुमारास फीत संपे, व खटकन् आवाज होऊन यंत्र बंद पडे.

‘पुन्हां भर’ असें आम्हीं शंभरदां सांगितलें असेल. ‘आतां याची हीच चाल झाली’ असें म्हणून तो कॅसेट उलटी करी. पुढें तीन वर्षें, आणि नंतर नोकरी लागल्यावरहि पुष्कळ दिवस, आम्हीं तें गाणें तसेंच ऐकलें. दोन कडवीं व एक खटका. दोन कडव्यांचें तें गाणें मोठें आनंदी वाटे. पहिल्यांत जुने फोटो आणि मेजवान्यांचीं आमंत्रणें सांपडतात. दुसऱ्यांत एक तरुण पाठीवर पिशवी टाकून घर सोडून मोठ्या शहराकडे निघतो. आम्हांसहि तेव्हां घर सोडून दोनच वर्षें झालीं होतीं. आपण कंटाळवाणे होणार नाहीं, अशी त्यांतली प्रतिज्ञा आम्हीं दोघांनीं आपलीच समजून घेतली, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं देखील फर्ग्युसनच्या टेकडीवर जाऊन तिचें पालन केलें.

आतां या गाण्याची हकीकत. १९९० च्या नोव्हेंबरांत तें प्रसिद्ध झालें. म्यूनिक येथें मुद्दाम जुन्या धर्तीचीं यंत्रें वापरून केलेल्या ‘बिहेवियर’ या संग्रहांतलें तें. खपाच्या यादींत तें विसाव्या क्रमांकापर्यंत पोंचलें, बस्स. चार गाणीं पहिल्या क्रमांकावर नेलेल्या जोडीला हा चक्क पराभव होता. त्या महिन्यांतल्या हिशेबानें पाहिलें तर पंचवीस वर्षांच्या वेंच्यांत त्याला जागा मिळण्याचें कारण नव्हतें. परंतु आज त्यांचे चाहते पहिल्या क्रमांकाचीं गाणीं बाजूस ठेवून प्रथम याचेंच नांव घेतात. आणि ‘अल्टिमेट’मध्यें ‘रेंट’ गळालें तरी हें गळलें नाहीं. कोणत्याहि यादींत हें मत कोणीं नोंदविलें नव्हतें. तें आपलें आपण, घरोघर, हळूहळू झालें. निवडणारा शहाणा असेल तर अशा मताची चाहूल त्यास लागते, एवढेंच आम्हीं म्हणूं.

गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आम्हीं त्या तबकडीवरचा कागद फाडला. मुलांच्या जुन्या संगणकांत ती अजून वाजते. नवव्या गाण्याशीं आलों. दुसरें कडवें संपलें, आणि आमचें बोट आपोआप उचललें गेलें. तेथें खटका व्हावयाचा होता. तो झाला नाहीं. तिसरें कडवें सुरू झालें. वाचकांस हें हास्यास्पद वाटेल कीं, जें गाणें तेहतीस वर्षें आपलें म्हणून मिरविलें त्याचें शेवटचें कडवें आम्हीं पंचावन्नाव्या वर्षीं प्रथम ऐकलें. दूरध्वनीवर नुसतें बोट ठेवलें कीं वाटेल तें गाणें मिळण्याचे हे दिवस. परंतु जें आपणांस ठाऊक आहे असें वाटतें, तें मनुष्य पुन्हां तपासून पाहत नाहीं.

त्या कडव्यांत गाणारा परक्या गांवीं, भाड्याच्या खोल्यांतून, नव्या चेहऱ्यांत बसला आहे. आणि पूर्वीच्या सोबत्यांपैकीं कांहीं आहेत, कांहीं नाहींत. टेनंटचा न्यूकॅसलच्या तरुणपणापासूनचा एक मित्र १९८९ सालीं एड्सनें वारला. त्याच्यासाठीं हें गाणें लिहिलेलें आहे. आनंदाचीं पहिलीं दोन कडवीं केवळ या तिसऱ्यासाठीं रचलीं आहेत. त्याचा आवाज कोठें चढत नाहीं, कोठें कांपत नाहीं. मार्गें यंत्राचा तोच संथ ठेका चालू असतो. रडावयास अवकाशच ठेवलेला नाहीं.

आमचा मित्र २००९ च्या उन्हाळ्यांत गेला. नागपुरास एका बँकेंत नोकरीला होता. हृदयविकाराचा झटका आला, चाळीशीहि पुरी झाली नव्हती. त्याच्या भावाचा दूरध्वनि आला तेव्हां आम्ही विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासावयास बसलों होतों, आणि त्या संपेपर्यंत निघतां येणार नाहीं असें आम्हीं स्वतःस पटवून दिलें. तेराव्यालाहि गेलों नाहीं. पण खरी गोष्ट त्याच्या आधींची आहे. २००८ च्या पावसाळ्यांत त्याचें पत्र आलें होतें. हातानें लिहिलेलें, त्याच त्या शिसपेन्सिलीच्या अक्षरासारखें बारीक. ‘तूं पहिल्या वर्षीं आपल्या वसतिगृहावर एक लेख लिहिला होतास. माझा अंक घर बदलतांना गहाळ झाला. एक प्रत पाठव. मुलीला वाचून दाखवावयाचा आहे.’ एवढाच मजकूर.

तो लेख आम्हांस त्या वेळीं फार बाळबोध वाटूं लागला होता. दहा वर्षांत आम्ही पुष्कळ शहाणे झालों होतों. आमच्या लेखांत एलियट येई, मर्ढेकर येत. आणि याला हवा होता तो खोलींतल्या ढेंकणांचा व मेसच्या आमटीचा लेख. असला लेख पाठविण्यापेक्षां एखादा चांगला, नवा लेख लिहून पाठवूं, असें आम्हीं मनांत म्हटलें. तो लेख कधीं झाला नाहीं. पत्रास उत्तरहि गेलें नाहीं. टेबलाच्या खणांत तें आठ-नऊ महिने वरच्या वर होतें. खण उघडला कीं दिसे, आणि ‘या रविवारीं’ असें आम्ही म्हणूं. पुढच्या वर्षीं भाच्यानें ती सीडी आणली, तेव्हां तिच्या पाठीवरच्या यादींत त्या गाण्याचें नांव वाचून आम्हीं ती तशीच कपाटांत ठेवून दिली.

याच तबकडींत ‘ऑल्वेज ऑन माय माइंड’ आहे, तेंहि त्या रात्रीं नीट ऐकलें. हें गाणें या जोडीचें नव्हे. एल्व्हिस प्रेस्ली तें १९७२ सालीं गायिला होता. प्रेस्लीच्या मृत्यूस दहा वर्षें झालीं म्हणून इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर झालेल्या कार्यक्रमासाठीं यांनीं तें १९८७ सालीं घेतलें, आणि त्या नाताळांत तें पहिल्या क्रमांकावर गेलें. मी तुझी हेळसांड केली, पण मनांत सदैव तूंच होतीस, असा त्यांतल्या नायकाचा बचाव. प्रेस्ली तें गातो तेव्हां त्याच्यावर विश्वास बसतो. टेनंट तेच शब्द कोरड्या आवाजांत, नाचाच्या धांवत्या ठेक्यावर म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत येतें, मनांत होती तर मग बोलला कां नाहींस? आम्हांस ही आवृत्ति तरुणपणीं नुसती खुसखुशीत वाटे. आमच्या मित्रानें विचारलें असतें तर आम्हींहि त्याला हेंच उत्तर दिलें असतें, शब्दशः.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं १९९९ चा तो अंक शोधला. आमच्यापाशींहि त्याची प्रत नव्हती. आम्हीं ती कधींच रद्दींत घातली असावी. मासिकाच्या कचेरींत गेलों, तेथील वृद्ध कारकुनांनीं माळ्यावरून गठ्ठा काढून दिला. लेख वाचला. बाळबोध तो आहेच. पहिलें पान तर दया येण्यासारखें. परंतु मधल्या एका परिच्छेदांत आमच्या खोलींतला टेपरेकॉर्डर आहे, एक खटका आहे, व कॅसेट उलटी करणारा एक मुलगा आहे. आणि त्याच्या तोंडीं एक वाक्य आहे, तें तो खरोखरच म्हणाला होता आणि आम्ही तें साफ विसरलों होतों. तें येथें देत नाहीं.

त्या लेखाची एक प्रत नागपुरास पाठविली. मुलगी आतां चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. पत्ता तोच आहे कीं नाहीं, हें अजून कळलेलें नाहीं. वीस लेखांची यादीहि पुरी झाली व प्रकाशकांकडे गेली. क्रम कालानुसार लावला असल्यामुळें तो लेख आपोआपच पहिला आला. आमच्या स्नेह्यांनीं परवां कळविलें आहे कीं, संग्रहाचें दार इतक्या कच्च्या लेखानें उघडूं नये. त्याऐवजीं एलियटवरचा घ्यावा. त्यांचें म्हणणें वाङ्मयदृष्ट्या बरोबर आहे. आम्हीं एलियटवरचा काढावयास सांगितला आहे.